बरगडीखालचा जळता पट्टा: लाइम आजारातील त्वचेच्या संवेदनांचा एक प्रकरण अभ्यास

लाइम आजारात, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या एका जिवाणूसंसर्गात, त्वचेवर आग होते, मुंग्या येतात, काहीतरी वळवळते, कपडा लागला तरी सहन होत नाही. अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाची कातडी बहुतेक वेळा पूर्ण स्वच्छ असते. बिघाड कातडीत नसतो. तो तिथून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंत किंवा त्यांच्या मुळाशी असतो. म्हणून "काय होतंय" याइतकेच "नेमके कुठे होतंय, केव्हापासून, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी" हे विचारावे लागते. पुढच्या प्रकरणात एकाच बाईंच्या अंगावर तीन वेगळ्या संवेदना होत्या. तिन्हींची कारणे वेगळी निघाली, आणि लाइमचे औषध त्यांतल्या एकीलाच लागू पडले.

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. शिकण्या-शिकवण्यासाठी ते जोडून घेतले आहे. व्यक्ती, तारखा आणि तपासण्यांचे आकडे त्या चित्राला धरून घेतले आहेत. औषधांची मात्रा आणि तपासण्यांचे निकष मात्र प्रत्यक्ष वापरातले आहेत.

रुग्ण आणि प्रवास

वय 63, राहणार पुणे. अकरा वर्षांपासून टाइप 2 मधुमेह, मेटफॉर्मिन 1 ग्रॅम दोन वेळा, एचबीए1सी (तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) 6.9. शाकाहारी, अंडेही खात नाहीत. आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल बरीच वर्षे अधूनमधून चालू. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीतल्या हंटर्डन काउंटीत गेल्या, 24 जुलैला परतल्या. घरामागे हिरवळ, तिच्या कडेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा, त्यामागे झाडी आणि पालापाचोळा. परसात हरणे येत.

न्यू जर्सी हे लाइमचे जुने ठाणे आहे. आजाराला नाव मिळाले ते जवळच्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून. 1975 च्या सुमारास तिथल्या मुलांमध्ये सांधे सुजण्याची प्रकरणे एकापाठोपाठ एक दिसली, आणि विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीतले जिवाणू ओळखल्यावर त्या जिवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेराय हे नाव मिळाले. तो पसरवते ती काळ्या पायांची गोचीड. मोठी गोचीड हरणावर वाढते, पण जंतू तिला मिळतो तो लहानपणी उंदरांकडून. माणसाला सर्वाधिक धोका असतो तिच्या मधल्या अवस्थेतल्या पिल्लापासून. ते मे ते जुलैत सर्वांत जास्त असते आणि आकाराने खसखशीच्या दाण्याएवढे असते.

ही गोचीड झाडावरून खाली पडत नाही. पालापाचोळ्यातून किंवा गवताच्या पात्यावरून पायाला चिकटते आणि घट्ट कपडा आडवा येईपर्यंत वर चढते. साडी नेसणाऱ्या बाईच्या अंगावर हा अडसर म्हणजे परकराची नाडी. चावल्याचे कळत नाही, कारण गोचिडीच्या लाळेतले घटक त्या जागची वेदना आणि खाज दाबून ठेवतात. जंतू अंगात उतरायला साधारणपणे 24 ते 36 तासांहून जास्त वेळ ती चिकटलेली असावी लागते, आणि न कळल्यामुळे तेवढा वेळ तिला मिळतो.

22 जूनला लेकीला आईच्या पाठीवर, उजव्या कमरेच्या वर, 9 सेंटिमीटरचा लांबट गोल लाल चट्टा दिसला. दुखत नव्हता, फारशी खाजही नव्हती, हात लावल्यावर किंचित गरम. मधोमध पांढरे वर्तुळ नव्हते. सगळ्यांनी तो नाडीचा चट्टा किंवा गजकर्ण मानला. व्हॉट्सअॅपवर पुण्याला फोटो पाठवला गेला, बुरशीवरचे मलम लावले, दोनेक आठवड्यांत चट्टा विरला. मलमाने गेला असे वाटले. खरे तर लाइमचा चट्टा औषध न घेताही आपोआप विरतो, जंतू मात्र रक्तावाटे पुढे गेलेला असतो. पुस्तकातले नेमबाजीच्या फळीसारखे चित्र पुष्कळांना दिसतच नाही. 5 सेंटिमीटरहून मोठा, चावल्यानंतर 3 ते 30 दिवसांत उठलेला, हळूहळू पसरणारा, एकसारखा लाल चट्टा, तोही अशा प्रदेशात, हे निदानाला पुरेसे असते. त्या टप्प्यावर रक्ततपासणी उलट दिशाभूल करते, कारण प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि अहवाल बहुधा निगेटिव्ह येतो. त्या दिवशी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक 100 मिलिग्रॅम दोन वेळा, 10 दिवस दिले असते तर पुढचे सगळे टळण्याची शक्यता फार मोठी होती.

पहिली संवेदना: पट्टा

14 जुलैच्या रात्री उजव्या बरगडीखाली, पाठीपासून बेंबीपर्यंत, आडवी आग सुरू झाली. दिवसा सहन होई. रात्री अकरानंतर मात्र ती ठणका, सणक आणि भाजल्यासारखी वेदना घेऊन येई, आणि बाई पहाटेपर्यंत घरात येरझारा घालत. पोलक्याची कड, पदराचा घोळ, पंख्याचा वारासुद्धा नकोसा होई. त्याच जागी जोराने दाबले तर मात्र फारसे दुखत नसे. हलका स्पर्श दुखतो आणि दाब चालतो, ही खूण स्नायू किंवा पोटातल्या अवयवांपेक्षा मज्जातंतूकडे बोट दाखवते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांचा उपयोग शून्य.

पुण्यात आल्यावर तपास कसा फिरला ते पाहण्यासारखे आहे, कारण प्रत्येक पायरी आपापल्या जागी वाजवी होती.

आधी हृदयाची शंका. ईसीजी स्वच्छ, पीआर अंतर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत संदेश पोचायला लागणारा वेळ) 180 मिलिसेकंद, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारे प्रथिन) सामान्य. (हा ईसीजी पुढे दुसऱ्या कामी आला. लाइममध्ये हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा येऊ शकतो, आणि पीआर 300 मिलिसेकंदांच्या वर गेला तर रुग्णालयात भरती करून लक्ष ठेवावे लागते.) मग पित्ताशयाची सोनोग्राफी, तीही स्वच्छ. मग नागीण. एका बाजूचा जळता पट्टा म्हटले की महाराष्ट्रात घरातल्या प्रत्येकाच्या मनात नागीणच येते, आणि नागिणीचा वेढा पूर्ण झाला तर माणूस दगावतो या समजुतीने घर हादरते. तसे काही नसते. नागीण सहसा अंगाचा मध्य ओलांडत नाही आणि वेढा पुरा झाल्याने कोणी मरत नाही. व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम तीन वेळा, 7 दिवस दिले गेले. फोड उठलेच नाहीत. फोडांशिवायची नागीण असते, पण ती विरळ, आणि दोन आठवडे उलटूनही एक फोड नाही म्हटल्यावर तो विचार मागे टाकायला हवा होता.

चौथी शंका सर्वांत भक्कम होती: मधुमेहामुळे धडाच्या मज्जामुळांना, म्हणजे मज्जारज्जूतून निघणाऱ्या तंतूंच्या मुळांना, होणारी इजा. तीही एका बाजूला, पट्ट्यासारखी, रात्री वाढणारी असते. तिच्यातही पोटाचा स्नायू सैल पडून तिथे फुगवटा येतो, आणि तो या बाईंनाही आला होता. बेंबीच्या उजवीकडे मऊ उंचवटा. हर्निया म्हणून पाहिले, सोनोग्राफीत पोटाच्या भिंतीला भोक नव्हते. उताणे झोपवून मान उचलायला सांगितल्यावर बेंबी वर आणि डावीकडे सरकली. म्हणजे उजवीकडचे पोटाचे स्नायू ओढ देत नव्हते. बिघाड संवेदनेपुरता नसून त्याच मुळातून निघणाऱ्या हालचालीच्या तंतूंनाही पोचला होता. मुळे कोणती ते अंगावरच्या खुणा सांगतात: (टी म्हणजे छातीच्या, एल म्हणजे कमरेच्या मणक्यांची मुळे) स्तनाग्राची पातळी म्हणजे टी4, छातीच्या हाडाचे टोक टी6, बेंबी टी10, जांघ एल1. पट्टा टी8 ते टी10 भरत होता.

त्यातच बी12 ची पातळी कमी, 174 पिकोग्रॅम निघाली. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल ही बी12 घटवणारी तिन्ही कारणे असताना हे अपेक्षितच होते. मिथाइलकोबालामिनची इंजेक्शने सुरू झाली आणि "कारण सापडले" असे सगळ्यांना वाटले. इथे थांबून विचार करायला हवा होता. बी12 ची कमतरता दोन्ही पायांना सारखी धरते, तळव्यांपासून वर चढते. ती एका बाजूला बरगडीखाली आडवा पट्टा ओढत नाही. अहवालात कमी निघालेली गोष्ट आणि रुग्णाला त्रास देणारी गोष्ट एकच असेल असे नाही.

निदानाचा दिवस

12 ऑगस्टला सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या कडेने गळू लागले. उजवा डोळा मिटेना. पावसाळ्यातले "वारे लागले" आणि बेल्स पाल्सी (ठरावीक कारण न सापडणारा चेहऱ्याचा पक्षाघात) समजून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले गेले. साखर 310 वर गेली. लाइममुळे झालेल्या चेहऱ्याच्या पक्षाघातात स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि मधुमेही रुग्णात तोटा ताबडतोब दिसतो. मज्जाविकारतज्ज्ञांनी ते थांबवले, डोळ्यासाठी दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी सांगितली, आणि एक प्रश्न विचारला: "काकू, गेल्या तीन महिन्यांत पुण्याबाहेर कुठे राहिलात?"

धडाचा एक पट्टा आणि चेहऱ्याची एक शीर यांचा शरीररचनेत एकमेकींशी संबंध नाही. दोन्ही एका महिन्यात बिघडल्या तर कारण बहुधा दोघींना भिजवणाऱ्या पाण्यात, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात शोधावे. मज्जामुळांची वेदना, चेहऱ्याचा पक्षाघात आणि त्या पाण्यात वाढलेल्या पेशी ही लाइमची ओळखीची तिकडी आहे. फ्रान्समध्ये गारँ आणि बुजादू यांनी 1922 मध्ये आणि जर्मनीत बानवार्ट यांनी 1941 मध्ये ती वर्णन केली, जंतू सापडण्याच्या कितीतरी आधी. युरोपातल्या बोरेलिया गारिनी या भाऊबंद जिवाणूमुळे ती जास्त दिसते. अमेरिकेतल्या नोंदलेल्या लाइमच्या रुग्णांत मज्जामुळांचा दाह शंभरात चारेक जणांना आणि चेहऱ्याचा पक्षाघात नऊ जणांना होतो.

पाठीतले पाणी काढले. पेशी 112, त्यांत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 92 टक्के, प्रथिने 96 मिलिग्रॅम, ग्लुकोज सामान्य. मधुमेहाच्या मज्जाविकारात प्रथिने वाढतात, पण पेशी वाढत नाहीत. चौथी शंका इथे पडली. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये ग्लुकोज उतरते, ताप आणि वजनात घट असते. तोही भारतात वगळावाच लागतो, आणि वगळला. व्हीडीआरएल (उपदंशाची चाचणी) आणि एचआयव्ही निगेटिव्ह. उपदंशाचा जंतू बोरेलियाचा नातलग असल्याने लाइमची चाचणी त्याच्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून व्हीडीआरएल केवळ रिवाज म्हणून करायची नसते.

रक्तात लाइमची एलायझा (प्रतिपिंडांची पहिली चाचणी) पॉझिटिव्ह, वेस्टर्न ब्लॉट या खात्रीच्या चाचणीत आयजीजीचे (उशिरा बनून दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) सहा पट्टे: 18, 23, 39, 41, 58 आणि 93. निकष दहापैकी किमान पाच पट्ट्यांचा आहे. आयजीएमचेही (सुरुवातीला बनणारी प्रतिपिंडे) दोन पट्टे होते, पण लक्षणे सुरू होऊन 30 दिवस उलटल्यावर आयजीएमकडे बघायचे नसते. तो खोटा पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि नेमक्या याच एका ओळीवर पुष्कळ चुकीची निदाने उभी असतात. 41 चा पट्टा तर लाइम नसलेल्या कित्येकांत दिसतो, कारण ते अनेक जिवाणूंत आढळणाऱ्या शेपटीचे प्रथिन आहे. पाठीतल्या पाण्यातली प्रतिपिंडे मोजायची असतील तर रक्त त्याच दिवशी घेऊन दोन्हींचे गुणोत्तर काढावे लागते. नुसत्या पाण्यातला आकडा काही सांगत नाही, कारण रक्तातली प्रतिपिंडे तिथे झिरपतात. आणि लेकीच्या फोनमधला 22 जूनचा फोटो. तज्ज्ञांच्या दृष्टीने तो ब्लॉटच्या तोडीचा पुरावा होता.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. महाराष्ट्र कधी न सोडलेल्या माणसाच्या तळव्यांना मुंग्या येतात आणि कोणीतरी केलेली एलायझा पॉझिटिव्ह येते, तर ती बहुधा खोटी असते. भारतात लाइमच्या तुरळक नोंदी हिमालयाच्या पायथ्याकडून आणि केरळ-कर्नाटकच्या जंगलपट्ट्यांतून आहेत. आपल्याकडे गोचिडीमुळे होणारे जे आजार आधी आठवावेत ते निराळे: सिंधुदुर्गात 2016 पासून दिसणारा माकडताप आणि गोचीडताप. आणि त्वचेवर बधिर चट्टा असेल, गरम-गार कळत नसेल, कोपराजवळची शीर जाड लागत असेल, तर लाइमच्या आधी कुष्ठरोग तपासायचा. तो चट्टा जळत नाही, मुका असतो.

कातडी का जळते

जंतू त्वचेखाली फिरत असल्याने वळवळ जाणवते अशी समजूत रुग्णांमध्ये पक्की असते. यंत्रणा वेगळी आहे. बोरेलिया मज्जारज्जूभोवतीच्या आवरणापर्यंत पोचल्यावर लिम्फोसाइट तिथे गोळा होतात. मज्जामुळे, त्यांच्यावरच्या संवेदी पेशींच्या गाठी आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजतात. माकडांवरील प्रयोगांत या गाठींमधली सूज प्रत्यक्ष दाखवली गेली आहे. चिडलेली पेशी काही घडले नसतानाही संदेश सोडते, आणि मेंदू तो संदेश ज्या कातडीचा तंतू आहे तिथूनच आला असे धरतो. म्हणून पाठीच्या कण्यातला दाह बरगडीखाली "जाणवतो".

संदेश कोणत्या जाडीच्या तंतूतून येतो त्यावर संवेदनेचे रूप ठरते. बारीक, आवरण नसलेले सी तंतू सेकंदाला 0.5 ते 2 मीटर वेगाने आग आणि खाज वाहतात. पातळ आवरणाचे ए-डेल्टा तंतू टोचणे आणि गारठा वाहतात. जाड तंतू स्पर्श आणि कंप वाहतात. रुग्णालयातली नर्व्ह कंडक्शन चाचणी (तंतूंतून वीज किती वेगाने जाते ते पाहणारी) फक्त जाड तंतू मोजते. ती सामान्य आली म्हणून "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगणे चूक आहे, आणि त्या एका वाक्याने पुष्कळ रुग्ण कायमचे दुरावतात. धडावरच्या मुळांपर्यंत तर ती चाचणी सहसा पोचतच नाही.

उपचार, आणि दुसरी संवेदना

19 ऑगस्टला डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दोन वेळा सुरू झाले, 21 दिवसांसाठी. मज्जामुळे, मेंदूचे आवरण आणि चेहऱ्याची शीर यांपुरता आजार असेल तर तोंडाने घेतलेले डॉक्सीसायक्लिन आणि शिरेतून दिलेले सेफ्ट्रिअॅक्सोन 2 ग्रॅम रोज हे दोन्ही पर्याय सारखे मानले जातात, मुदत 14 ते 21 दिवस. मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आतला भाग धरला असेल तरच शिरेतूनच द्यावे लागते.

गोळी घेण्याची रीत इथे फार महत्त्वाची, कारण आपल्या घरांत ती हमखास बिघडते. गोळी दुधाच्या चहाबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर, अँटासिडबरोबर घेतली तर औषध पोटातच बांधले जाते. मध्ये किमान दोन तास हवेत. पेलाभर पाण्याबरोबर, बसून, आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून व्रण करते. रात्रीची गोळी झोपताना न घेता संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यावी.

पहिल्या रात्री आग वाढली, थंडी वाजली, ताप 38.4 अंशांवर गेला. ही मरणाऱ्या जंतूंवरची प्रतिक्रिया. ती पहिल्या 24 तासांत येते आणि दिवसाभरात ओसरते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रत्येक त्रासाला हेच नाव देऊन "औषध काम करतेय, चालू ठेवा" असे सांगितले जाते, त्याला आधार नाही. सहाव्या रात्री बाई सलग पाच तास झोपल्या. वेदनेसाठी प्रेगाबालिन 75 मिलिग्रॅम रात्री जोडले होते, मूत्रपिंडाची तपासणी पाहून आणि पहाटे एकदम न उठण्याची ताकीद देऊन.

मग गणपतीच्या दिवसांत नवी तक्रार आली: दोन्ही हातांच्या पाठीवर आणि नाकाच्या शेंड्यावर चुरचुर, आग, झिणझिण्या. घरच्यांना वाटले आजार पसरला. हात पाहिले तर मनगटापाशी, बाहीच्या रेषेवर, त्रास तुटत होता. बांगड्यांखालची कातडी ठीक होती. मज्जातंतूचा विकार कपड्याची रेषा ओळखत नाही. ही डॉक्सीसायक्लिनमुळे उन्हाने होणारी इजा होती, विसर्जन मिरवणुकीत तासभर उभे राहण्याने झालेली. ढगाळ हवेतही ती होते. लाली यायच्या आधी केवळ चुरचुर जाणवते, म्हणून फसगत होते. पूर्ण बाही, टोपी, 30 च्या वरचे सनस्क्रीन, आणि औषध न थांबवता पुढे चालू. आठवड्यात थांबले.

तिसरी संवेदना, जी गेली नाही

8 सप्टेंबरला गोळ्या संपल्या. चेहरा सात आठवड्यांत सरळ झाला, पोटाचा फुगवटा चार महिन्यांत गेला. पट्ट्याच्या जागी तळहाताएवढ्या भागात गुदगुल्या आणि खाज उरली. ती भरून येणाऱ्या मज्जातंतूची असते. तिथे 5 टक्के लिडोकेनचा पॅच, बारा तास लावायचा, बारा तास काढायचा.

तळवे मात्र जळतच राहिले. रात्री पोटऱ्यांवर किडे चालल्यासारखे वाटे. पाच महिन्यांनी लेकीने इंटरनेटवर वाचून दीर्घकालीन अँटिबायोटिकांचा आग्रह धरला. तिची काळजी खरी होती. आजार एकदा हुकला होता, तो पुन्हा हुकू नये असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. तिला नुसते "नाही" म्हणून भागणार नव्हते, पायांचा नकाशा दाखवावा लागला.

हा नकाशा काढायला वीस मिनिटे लागतात. पाय आधी कोमट करून घ्यायचे, गार पायांवर गारव्याची चाचणी फसते. कापसाचा धागा, टोकदार लाकडी काडी (मधुमेही पायावर सुई नको, काडी एकदा वापरून टाकायची) आणि फ्रिजमधला स्टीलचा चमचा घ्यायचा. डोळे मिटलेले. बोटांकडून गुडघ्याकडे जायचे, मग गुडघ्याकडून खाली, आणि जिथे फरक कळतो तिथे पेनाने रेघ ओढायची. दोन्ही दिशांच्या रेघा दोन बोटांपेक्षा जास्त लांब पडल्या तर रुग्ण थकलेला आहे, पुन्हा करावे. "इथे कमी लागतंय ना?" असे विचारायचे नाही. "कधी लागतं ते सांगा" एवढेच. मध्येच एखाद्या वेळी काही न लावता विचारून पाहायचे. शेवटी कंप तपासायचा 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) अंगठ्याच्या हाडावर आणि मग घोट्यावर. रेघा, तारीख आणि फोटो जपून ठेवायचे, पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच.

बाईंच्या दोन्ही पायांवर रेघ घोट्याच्या चार बोटे वर, अगदी समान. अंगठ्यावर कंप कळत नव्हता, घोट्याचा झटका (टाचेमागे हातोडी मारल्यावर पाऊल आपोआप हलणे) दोन्हीकडे नव्हता. "काकू, चप्पल पायातून निसटलेली कळते का?" उत्तर आले, "दोन-तीन वर्षं झाली, घरभर अनवाणीच चालत्येय असं वाटतं, आणि बघते तर पायात चप्पल." म्हणजे ही तक्रार न्यू जर्सीच्या आधीची. दोन्हीकडे समान, लांब तंतूंना आधी धरणारी, कंप हरवणारी. हे चित्र बी12 आणि मधुमेहाचे. पट्ट्याच्या वेदनेपुढे ती कधी कोणी ऐकली नव्हती.

बी12 ची इंजेक्शने पट्ट्यावर उपयोग होईना म्हणून तीन डोसांनंतर सोडून दिली होती. ती नव्याने: 1000 मायक्रोग्रॅम एक दिवसाआड दोन आठवडे, मग आठवड्याला एक असे चार, मग महिन्याला एक. पँटोप्राझोल बंद. घरात चार प्रकारच्या "नसांच्या" गोळ्या निघाल्या, प्रत्येकीत बी6. जास्त बी6 स्वतःच मज्जातंतूंना इजा करते आणि तळव्यांची आग वाढवते, म्हणून चारही बंद. रात्रीच्या त्रासासाठी प्रेगाबालिन चालू, पुढे गरज लागल्यास ड्युलॉक्सेटिन 30 मिलिग्रॅम.

अँटिबायोटिक पुन्हा न देण्याची कारणे लेकीला सांगितली गेली, ती अशी. रक्तचाचणी पुन्हा करून काही कळत नाही, आयजीजी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहते. उपचारानंतर सहा महिन्यांहून अधिक टिकणारा थकवा, अंगदुखी आणि विचारांतला धूसरपणा काही रुग्णांना खरोखर होतो, तो मनाचा खेळ नाही. पण अशा रुग्णांवर अमेरिकेत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 90 दिवसांच्या उपचाराच्या चाचणीत आणि नेदरलँड्समध्ये 280 रुग्णांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त काळ दिलेल्या अँटिबायोटिकांनी फायदा झाला नाही. तोटे मात्र होतात: सेफ्ट्रिअॅक्सोनने पित्ताशयात गाळ बसतो, शिरेतल्या नळीतून जंतुसंसर्ग होतो. आणि दीर्घ उपचारांच्या यादीत असणारे मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे स्वतःच पायांत मुंग्या आणि आग आणतात. ज्या तक्रारीसाठी ती घ्यायची, तीच तक्रार ती वाढवतात.

किडे चालल्यासारख्या भासाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हा भास लहान तंतूंच्या बिघाडात सर्रास होतो आणि रुग्णाला तो भास आहे हे ठाऊक असते. कोणी त्वचेतून धागे किंवा कण निघतात असे सांगत असेल, ते डबीत भरून आणत असेल, खरवडून जखमा करत असेल, तर वाट वेगळी. मॉर्गेलॉन्स या नावाने ही तक्रार लाइमशी जोडली जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने उत्तर कॅलिफोर्नियातल्या 115 जणांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. संसर्ग सापडला नाही, धागे बहुतेक कापसाचे होते. त्या माणसाचा त्रास तरीही खरा असतो. जखमांची काळजी, थायरॉइड, बी12, यकृत-मूत्रपिंड तपासणी, चालू औषधांची छाननी आणि मग त्वचारोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ मिळून उपचार, हा क्रम. त्याला हसणारा डॉक्टर त्याला थेट महागड्या, निरुपयोगी उपचारांच्या दारात नेऊन सोडतो.

त्वचेचा 3 मिलिमीटरचा तुकडा घोट्याच्या 10 सेंटिमीटर वरून घेऊन त्यातले बारीक तंतू मोजता येतात. इथे तो केला नाही. तंतू कमी निघाले असते तरी कारण कळले नसते, कारण मधुमेहातही ते कमीच असतात, आणि मधुमेही पायावर विनाकारण जखम कशाला.

दहाव्या महिन्यात रेघ घोट्याखाली उतरली होती, अंगठ्यावर कंप पाच सेकंद कळू लागला होता. आग अर्ध्यावर आली, पूर्ण गेली नाही. घोट्याचा झटका परत आलेला नाही, आणि इतक्या वर्षांनंतर तो येईलच असे सांगता येत नाही.

नातवाच्या वाढदिवसाला बाई पुन्हा न्यू जर्सीला जाणार आहेत. मागच्या आजाराने संरक्षण मिळत नाही, लाइम पुन्हा होऊ शकतो. वाफ्यात जाताना सलवार मोज्यांत खोचलेली, कपड्यांवर 0.5 टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक (अंगावर नाही, आणि ओले असताना मांजर जवळ नको), उघड्या अंगावर 20 ते 30 टक्के डीट हे कीटक दूर ठेवणारे औषध. आत आल्यावर कपडे ड्रायरमध्ये दहा मिनिटे कडक उष्णतेवर, कारण नुसत्या धुण्याने गोचीड मरत नाही. रोज संध्याकाळी नाडीची जागा, जांघ, गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या कडेला लेकीने पाहायचे. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला टेकून धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी काही नाही. गोचीड डबीत, तारीख वर. 36 तास किंवा अधिक चिकटलेली असावी असे वाटले तर 72 तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन 200 मिलिग्रॅमचा एकच डोस. चट्टा दिसला तर मोजपट्टी शेजारी धरून फोटो आणि त्याच दिवशी डॉक्टर. रक्तचाचणीवर आता विसंबता येणार नाही, आयजीजी आधीच पॉझिटिव्ह आहे. म्हणून बाईंच्या औषधांच्या पिशवीत जुन्या ब्लॉटची प्रत, पायांच्या नकाशाचे फोटो आणि 22 जूनच्या चट्ट्याचा फोटो छापून ठेवला आहे.